निर्मितीवादाच्या पुस्तकांनी वाचन पुन्हा सुरू करावं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे मडगावचे, वय चव्वेचाळीस, एका कंपनीत हिशेबाचं काम बघतात. कॉलेजात असताना हाताला लागेल ते वाचायचे. आता कित्येक वर्षांत एकही पुस्तक पुरं झालेलं नाही. कचेरीतला एक स्नेही अलीकडे एका नव्या ख्रिस्ती प्रार्थनागटात जाऊ लागला आहे. त्याने यांना 'क्रिएशन सायन्स'ची, म्हणजे निर्मितीवादाची, चार-पाच इंग्रजी पुस्तकं दिली. पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची आहे, खडकांचे थर बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयात साचले, उत्क्रांती झालीच नाही, असं विज्ञानाच्या भाषेत मांडणारी ही पुस्तकं. यांनी सहज चाळायला घेतली आणि एका बैठकीत साठ पानं झाली. आता ते विचारतात: हीच वाचत वाचन परत सुरू करू का? कोणत्या क्रमाने? आणि घरचे म्हणतात की असलं वाचून डोकं फिरेल, त्यात कितपत तथ्य आहे?

मी गोव्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि निवृत्तीनंतर एक छोटा वाचनगट चालवतो. भूगर्भशास्त्र हा माझा विषय नव्हे. त्यातलं जे थोडंफार कळतं ते वाचून आणि खाणींवर नोकरी केलेल्या वाचकांशी गप्पा मारून कळलेलं. पण वाचन सुटलेली माणसं हा मात्र माझा विषय आहे. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

साठ पानं एका बैठकीत झाली, ही बातमी चांगली आहे. पुस्तक कुठलं होतं ते पुढे पाहू. वाचन सुटलेला माणूस काउंटरवर आला की बहुधा एखाद्या 'चांगल्या' पुस्तकाचं नाव मागायचा. चांगलं म्हणजे ज्याने आपलं काहीतरी भलं होईल असं. मी काढून द्यायचो. मुदत उलटल्यावर ते परत यायचं, विसाव्या-बाविसाव्या पानात बसचं तिकीट खोचलेलं. पुढेपुढे मी उलटा प्रश्न विचारायला लागलो: शेवटचं असं काय वाचलंत की चहा गार झाला? कोणी सांगायचं, पेपरातली कोर्टाची बातमी. कोणी भावाच्या मुलाचं पाठ्यपुस्तक. एकाने तर नवीन पंपाचं माहितीपत्रक सांगितलं. त्या उत्तरात माणसाची भूक कळते आणि त्या भुकेला धरून पुस्तक दिलं तर ते सहसा पुरं होतं.

तुमची भूक कसली असावी? माझा अंदाज असा की तुम्हाला सृष्टीच्या उत्पत्तीपेक्षा वादाने जास्त खेचलं. ही पुस्तकं सगळी वादाच्या घाटात लिहिलेली असतात. दर पानावर एक प्रतिपक्ष उभा असतो: 'शास्त्रज्ञ असं म्हणतात, पण त्यांनी हे कधी सांगितलं का?' वाचणाऱ्याला आपण निवाडा करायला बसलोय असं वाटतं. त्यातून तुम्ही हिशेबनीस. कुठल्या खात्यातली रक्कम जुळत नाही हे शोधण्यात तुमचा दिवस जातो. अशा माणसाला कोणी म्हटलं की या शास्त्राच्या वह्यांत घोळ आहे, तर तो पान उलटणारच.

म्हणून पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, या पुस्तकांनीच सुरू करा. फक्त एकटी वाचू नका. एक दावा घ्यायचा आणि तो उचलून पलीकडच्या बाजूच्या पुस्तकात न्यायचा. हे तुमच्या बुद्धीच्या रक्षणासाठी सांगत नाही. ही पुस्तकं एकापाठोपाठ एक घेतली तर तिसऱ्याच्या मध्यावर वाचन पुन्हा बंद पडतं, म्हणून सांगतो. तेच दहा-पंधरा मुद्दे, तीच उदाहरणं, फक्त मुखपृष्ठ वेगळं. माणूस कंटाळतो आणि समजतो की आपल्यातच वाचायची ताकद उरली नाही. एका बाजूने मांडलेल्या वादात प्रतिपक्षाला लेखक देईल तेवढीच वाक्यं मिळतात. अशी कैफियत साठ पानं गंमत देते, सहाशे पानं देत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमच्याबद्दल मला मोजकंच माहीत आहे.

डोळे. हसू नका. तुमच्या वयाचे कितीतरी लोक 'हल्ली एकाग्रता होत नाही' म्हणत यायचे आणि पुस्तक हातभर लांब धरून बघायचे. जवळचा नंबर लागलेला असतो. मोबाईलवर अक्षर मोठं करता येतं म्हणून तो लक्षात येत नाही आणि पुस्तकातल्या बारीक टायपाने डोकं जड होतं. दोष मग मनाला दिला जातो. आधी डोळे तपासून घ्या, चाळिशी लागत असेल तर करून घ्या. आपल्या घरांतून छताला एकच दिवा असतो आणि तो बरोबर आपल्या पाठीमागे येतो. वाचायच्या जागी बाजूला एक दिवा लावा.

भाषा. आपल्याकडे प्राथमिक शाळा मराठीत झालेला आणि पाचवीपासून इंग्रजीत गेलेला फार मोठा वर्ग आहे. त्याला कामाचं इंग्रजी उत्तम येतं, पण निवांत वाचताना इंग्रजी पान मराठी पानापेक्षा सावकाश जातं. तुम्हीही त्यातले असाल, तर पुस्तकं इंग्रजी असली तरी रोज थोडं मराठी जोडीला ठेवा. मराठी विश्वकोशातली क्रमविकासावरची नोंद आंतरजालावर फुकट आहे, तीही याच विषयाची. दिवसभराच्या कामानंतर इंग्रजीतली वीस पानं जड वाटली तर तो थकवा आहे, आळस नव्हे.

आणि तिसरी गोष्ट तुमची श्रद्धा. तुम्ही स्वतः काय मानता, स्नेह्याने पुस्तकं गप्पांसाठी दिली की प्रार्थनेला बोलावण्यासाठी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते मला सांगायची गरजही नाही. पण स्वतःशी ते स्पष्ट असू द्या. पुस्तक वाचणं आणि माणसाला होकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकात एक मिसळल्या की पान उलटताना संकोच वाटतो.

आता पुस्तकांकडे. हे विज्ञान आहे का, असा प्रश्न तुम्ही सरळ विचारलेला नाही, पण घरच्यांच्या रागामागे तोच आहे. माझं मत: नाही. कारण त्यातलं प्रत्येक वाक्य खोटं आहे असं नव्हे, बरीच वाक्यं खरी असतात. कारण असं की निष्कर्ष आधी ठरलेला आहे. 'आन्सर्स इन जेनेसिस' ही या क्षेत्रातली मोठी अमेरिकन संस्था. केंटकीतलं निर्मितीचं संग्रहालय त्यांचं, २००७ साली उघडलेलं. त्यांच्या श्रद्धापत्रकातच म्हटलेलं आहे की बायबलमधल्या नोंदीला विरोध करणारा कुठलाही पुरावा ग्राह्य धरता येत नाही. प्रामाणिकपणे सांगतात, याबद्दल त्यांना मान द्यायला हवा. पण शिल्लक आधी लिहून मग खर्चाच्या नोंदी बसवणाऱ्या हिशेबाला तुम्ही काय म्हणाल? पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षांच्या आसपास आहे, यावर भूगर्भशास्त्रात वाद उरलेला नाही.

तरीही ही पुस्तकं वाचण्याजोगी का, तर त्यांना स्वतःचा इतिहास आहे आणि तो रंजक आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधल्या वंशावळी आणि इतर इतिहासांच्या तारखा जुळवून सृष्टीची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असं काढलं. त्या काळात हे गंभीर विद्वत्तेचं काम होतं, त्याला हसण्याचं कारण नाही. पण 'क्रिएशन सायन्स' त्या परंपरेतून सरळ चालत आलेलं नाही. जलप्रलयाने सगळे थर बनले ही मांडणी तिच्या आजच्या रूपात विसाव्या शतकातली. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे जॉर्ज मक्रेडी प्राइस यांनी ती १९२३ मध्ये जाड पुस्तकात मांडली. मग १९६१ साली जॉन व्हिटकम हे धर्मशास्त्री आणि हेन्री मॉरिस हे जलअभियंते या दोघांनी 'द जेनेसिस फ्लड' लिहिलं आणि खरी लाट तिथून उठली. पाण्याचा अभियंता जलप्रलयावर लिहितो, हे लोकांना पटायला सोपं गेलं असणार. गठ्ठ्यात हे पुस्तक असेल तर त्याने सुरुवात करू नका. पाचशेच्या वर पानं, तळटीपांनी भरलेली. सवय परतली की मग बघा.

हा सगळा प्रवास तटस्थपणे सांगणारं एक पुस्तक आहे, रोनाल्ड नंबर्स यांचं 'द क्रिएशनिस्ट्स', १९९२चं. नंबर्स स्वतः ॲडव्हेंटिस्ट घरात वाढलेले इतिहासकार, पुढे श्रद्धेतून बाहेर पडलेले. तरी पुस्तकात कुठे टवाळी नाही. जाडजूड आहे, पण प्रकरणं माणसांभोवती रचलेली असल्यामुळे सुटंसुटं वाचता येतं.

आता दावा पलीकडे कसा न्यायचा ते एका उदाहरणावर दाखवतो. तुमच्या गठ्ठ्यातल्या निदान एका पुस्तकात हे उदाहरण असेलच.

अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी १९८० साली फुटला. त्यानंतर त्याच्या मुखात लाव्हाचा नवा घुमट तयार झाला. निर्मितीवादी भूगर्भतज्ज्ञ स्टीव्हन ऑस्टिन यांनी त्या घुमटाचा तुकडा पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय काढायला प्रयोगशाळेत पाठवला. खडक जेमतेम दहा वर्षांचा होता. उत्तर आलं साडेतीन लाख वर्षं, आणि त्यातल्या वेगळ्या काढलेल्या काही खनिजांचं तर अठ्ठावीस लाखांपर्यंत. पुस्तक विचारतं: ज्याचं वय आपल्याला माहीत आहे तिथे ही पद्धत अशी चुकते, तर ज्याचं माहीत नाही तिथे तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

इथे थांबा. पान उलटायच्या आधी पेन्सिलीने समासात एवढंच लिहा की दावा नेमका काय आहे. 'ही पद्धत नव्या खडकाला जुनं ठरवते.' प्रयोगाचे आकडे खरे आहेत, ते कोणी नाकारत नाही. मग दुसरा प्रश्न: ही पद्धत कशी चालते? पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. साचलेला आर्गॉन जितका जास्त, तितकं खडकाचं वय जास्त धरतात. त्या पोटॅशियमचं अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं आहे. म्हणजे दहा वर्षांत तयार होणारा आर्गॉन जवळजवळ शून्य. आता त्या दगडात आधीच घट्ट झालेले जुने स्फटिक लाव्हाबरोबर वर आले असतील आणि त्यांत थोडा जुना आर्गॉन अडकलेला असेल, तर यंत्र मोजणार तोच. कोट्यवधी वर्षांच्या खडकात तेवढी चूक बुडून जाते, दहा वर्षांच्या खडकात तीच सगळं उत्तर होऊन बसते. वजनकाट्याने मोहरीचा एक दाणा मोजला आणि उत्तर चुकलं, तर तांदळाची पोती मोजायला तो काटा निकामी ठरत नाही.

हे झाल्यावर तिसरा प्रश्न विचारायचा, आणि तो फार कमी वाचक विचारतात: ही अडचण भूगर्भशास्त्रज्ञांना आधी माहीत होती का? होती. जादा आर्गॉनचा प्रश्न ऑस्टिन यांच्या प्रयोगाच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या लेखांत चर्चिलेला आहे. म्हणूनच महत्त्वाची वयं एका पद्धतीवर न सोडता वेगवेगळ्या मूलद्रव्यांनी पडताळतात, उदाहरणार्थ झिरकॉन स्फटिकातलं युरेनियम आणि शिसं. तुमच्या पुस्तकाने ही बाब सांगितली आहे का ते बघा. सांगितली नसेल तर समासात तसं लिहा.

एका दाव्याला असा एक तास लागतो. पण हा तास तुम्ही वाचत असता, आणि तेही मन लावून. सवय परत येते ती अशा तासांनी.

दुसरं छोटं उदाहरण अवतरणांचं. डार्विननेच कबूल केलं की डोळा उत्क्रांतीने बनला हे म्हणणं हास्यास्पद वाटतं, असं वाक्य या पुस्तकांत हमखास भेटतं. वाक्य त्याचंच, १८५९च्या पुस्तकातलं. पण मूळ पुस्तक काढून पुढचं वाचा. साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवता आल्या तर ही अडचण खरी राहत नाही, असं तो लगेच सांगतो आणि पुढे त्या पायऱ्या दाखवायला लागतो. जुनं पुस्तक, आंतरजालावर फुकट. अवतरण जिथे तुटतं तिथे मूळ ग्रंथ उघडायचा, एवढी एक सवय या पुस्तकांनी तुम्हाला लावली तर मी म्हणेन की ती फुकट गेली नाहीत.

गंमत म्हणजे निर्मितीवाद्यांना स्वतःलाही यातले काही मुद्दे नकोसे झालेले आहेत. 'आन्सर्स इन जेनेसिस'ने आपल्याच अनुयायांसाठी टाळायच्या युक्तिवादांची यादी छापलेली आहे. चंद्रावर धूळ फार थोडी आहे म्हणून चंद्र तरुण, हा मुद्दा त्यात आहे. डार्विनने मृत्युशय्येवर आपलं मत मागे घेतलं, ही कथाही. तुमच्या गठ्ठ्यातल्या एखाद्या पुस्तकात यातलं काही छापलेलं दिसलं, तर ते पुस्तक किती काळजीपूर्वक लिहिलंय हे तुम्हाला त्यांच्याच माणसांकडून कळलं.

क्रमाबद्दल. ज्यात साठ पानं झाली ते आधी पुरं करा. मध्येच सोडून 'योग्य' पुस्तकाकडे वळू नका, नाहीतर पुन्हा विसावं पान आणि बसचं तिकीट. त्यानंतर मायकेल बीही यांचं 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स' (१९९६) घ्यायला हरकत नाही. हा वेगळा पंथ आहे, 'इंटेलिजंट डिझाइन'चा, सजीवांच्या रचनेमागे कोणी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे असं म्हणणारा. बीही जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत, पृथ्वीचं प्राचीन वय आणि सजीवांचे समान पूर्वज त्यांना मान्य आहेत. म्हणजे तुमच्या स्नेह्याच्या सहा हजार वर्षांशी त्यांचं पटत नाही, हे वाचतानाच कळेल. लिहितात छान. त्याला उत्तर म्हणून केनेथ मिलर यांचं 'फाइंडिंग डार्विन्स गॉड' (१९९९). मिलर पेशी-जीवशास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू कॅथलिक. ही जोडी मी मुद्दाम सुचवतो, कारण इथे देव विरुद्ध विज्ञान असा सोपा सामना होत नाही.

आणि मग मिष्टान्न म्हणून एक निकालपत्र वाचा. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळामंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात इंटेलिजंट डिझाइनचा उल्लेख वाचून दाखवायचं ठरवलं, पालक कोर्टात गेले. बीही एका बाजूचे साक्षीदार, मिलर दुसऱ्या. न्यायाधीश जॉन जोन्स, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नेमलेले. डिसेंबर २००५चा हा निकाल १३९ पानांचा आहे. हे विज्ञान नव्हे, असं त्यांनी म्हटलं, आणि कसं नव्हे ते साक्षीपुराव्यानिशी लिहिलं. दोन लेखकांची पुस्तकं वाचून झाल्यावर तेच दोघे उलटतपासणीत कसे टिकतात हे बघणं, तुमच्यासारख्या वाचकाला यापेक्षा चांगलं काय देणार!

जीवाश्म मधले दुवे दाखवत नाहीत असं तुमचं पुस्तक म्हणत असेल, तर देवमासा जमिनीवरच्या प्राण्यांपासून कसा आला ती हकिकत शोधा. त्यात आपल्या देशाचा वाटा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमध्ये राजौरीजवळच्या कालाकोट इथून खडक गोळा केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. साफ करताना एका कवटीचं हाड चुकून तुटलं आणि आत देवमाशांच्याच कानात आढळणारी जाड भिंत दिसली. मांजराएवढा, खूर असलेला, हरणासारखा हा प्राणी, नाव इंडोह्यूस. २००७ साली हे प्रसिद्ध झालं.

आता माझ्या आवडीचा खेळ. दोन पुस्तकं शेजारी ठेवा: एक तुमच्या स्नेह्याचं, पृथ्वी सहा हजार वर्षांची सांगणारं. दुसरं मायकेल क्रेमो आणि रिचर्ड थॉम्पसन यांचं 'फॉरबिडन आर्किऑलॉजी', १९९३चं, नऊशेच्या वर पानांचं. हे दोघे इस्कॉनचे. त्यांचं म्हणणं, माणूस कोट्यवधी वर्षांपासून आहे, पुराणांतल्या कालगणनेला धरून. निष्कर्ष अगदी उलटे. पण पद्धत बघा: जुन्या, सुट्या, न पडताळलेल्या नोंदी गोळा करायच्या, मुख्य प्रवाहाने त्या दाबल्या असं म्हणायचं आणि वाचकाला 'तुम्हीच ठरवा' म्हणून सोडून द्यायचं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि दोन्ही वाचताना तेवढीच पटत जातात. पटत जाणं आणि सिद्ध होणं यांतला फरक कुठल्याही व्याख्यानापेक्षा या जोडीने लवकर कळतो. अख्खं पुस्तक वाचू नका, पन्नास पानं पुरे.

तुर्कस्तानातून आलेला 'ॲटलस ऑफ क्रिएशन' हा इस्लामी बाजूचा ग्रंथ कुठे हाती आला तर चित्रं बघायला घ्या. चकचकीत कागदाचा, प्रचंड वजनाचा. असली पुस्तकं आपल्या पावसाळ्यात टिकत नाहीत, पानं एकमेकांना चिकटतात. त्यात 'न बदललेला' कीटक म्हणून छापलेला एक नमुना मासेमारीचं कृत्रिम आमिष निघाला, गळाचा आकडा फोटोत दिसतो. आपल्याकडच्या रापणकाराच्या पोराने एका नजरेत ओळखला असता.

हे सगळं ख्रिस्ती लोकांचं खूळ, असं घरचे म्हणत असतील तर त्यांना सांगा की तसं नाही. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये पोप पायस बारावे यांच्या परिपत्रकातून उत्क्रांतीच्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला केवळ एक गृहीतक मानता येत नाही असं सांगितलं. गोव्यातल्या बहुसंख्य ख्रिस्ती घरांचा या सहा हजार वर्षांशी काही संबंध नाही. आपल्या बाजूला मात्र २०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चूक म्हटला आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढावं लागलं. २०२३ पासून एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा भाग नाही. आणि हो, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वी ४५४ कोटींची, म्हणून आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, हे व्हॉट्सॲपवरचं गणितही त्याच जातीचं. आकडे जवळ आले म्हणजे ते काढण्याची रीत एक झाली असं नव्हे.

तुम्हाला सृष्टीच्या उत्पत्तीची कथा म्हणूनच ओढ वाटत असेल, तर ती वाचायला विज्ञानाचा अंगरखा कशाला हवा? थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि सासष्टीत राहिले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, मराठी ओवीत. पहिल्या पुराणात उत्पत्ती, आदाम-एवा, नोहा, सगळं आहे. अशरने सनावळी जुळवली त्याच्या कितीतरी आधीचं हे काम, आणि तुमच्या मडगावपासून रायतूर हाकेच्या अंतरावर. भाषा जुनी आहे, पण मोठ्याने वाचली की सुटते. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा ओव्या वाचून बघा. सवय परत आणायला मोठ्याने वाचण्यासारखा उपाय मी पाहिलेला नाही, कारण डोळे घसरले तरी जीभ ओळ सोडत नाही.

इथवरचं थोडक्यात: हातातलं पुस्तक पुरं करा, एका वेळी एक दावा घ्या, तो पलीकडे न्या, जाड ग्रंथ नंतर, आणि झोपण्यापूर्वी मराठी.

वेळेबद्दल फार बोलत नाही. तुम्ही मडगाव-पणजी कदंबाच्या शटलने येत-जात असाल तर तो तास सोन्यासारखा आहे. पण बसमध्ये पेन्सिल चालत नाही, म्हणून तिथे गोष्टीवेल्हाळ भाग वाचा आणि दावे घरी तपासा. रोज इतकी पानं असा नेम करू नका. उद्या पुढे काय होणार याची थोडी उत्सुकता शिल्लक असतानाच पुस्तक मिटा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी मोलेवरून अनमोड घाटात जा. तिथले 'नाइस' (gneiss) जातीचे पट्टेदार खडक सुमारे ३४० कोटी वर्षांचे, देशातल्या सर्वांत जुन्या खडकांत मोजले जाणारे. त्या मानाने सत्तरीच्या वरच्या अंगाला दिसणारा डेक्कन ट्रॅपचा काळा बेसाल्ट कालपरवाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. सोबत तुमच्या स्नेह्यालाही न्या. पुस्तक त्याला दुरुस्त्यांच्या खुणांसकट परत करू नका, तसं केलंत तर पुढचं पुस्तकही बंद आणि दुपारचा डबाही. त्यापेक्षा विचारा, यातला तुला सर्वांत भक्कम वाटलेला मुद्दा कुठला? मग तोच मुद्दा घेऊन बसा. माझ्या वाचनगटात असे दोघे आहेत, एक उपदेशक आणि एक निवृत्त खाण-सर्वेक्षक. मतं एकाचीही बदललेली नाहीत, पण दोघांची पुस्तकं मात्र वेळेवर वाचून झालेली असतात.

घरच्यांची काळजी समजते. घरात शाळकरी मुलं असतील तर पुस्तकं उघड्यावर ठेवा, लपवू नका, आणि मुलांनी विचारलं की तुमच्या समासातल्या खुणा दाखवा.

मिलर, नंबर्स ही पुस्तकं आधी पणजीच्या पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून बघा. तिथे नसतील तर मागणी नोंदवा, वाचकाने लेखी मागितलेल्या पुस्तकाकडे ग्रंथपाल दुर्लक्ष करत नाही. डोव्हरचा निकाल तर आजच उतरवून घेता येईल. आणि गठ्ठ्यातल्या पुस्तकांची नावं कळवा. त्यांतलं पुढचं कुठलं घ्यावं आणि त्याला जोड कोणाची द्यावी, हे नावं बघितल्यावर नेमकं सांगता येईल.